फॅमोसो: पाव मैलाच्या रस्त्यावर जुन्या गाड्यांचा मेळा

कॅलिफोर्निया म्हटले की हॉलिवूड, डिस्नेलँड आणि सॅन फ्रान्सिस्कोचा तांबडा पूल हीच नावे आठवतात. फॅमोसोचे नाव प्रवासी कंपन्यांच्या यादीत सापडत नाही. पण घराच्या गॅरेजमध्ये पन्नास-साठ वर्षांची जुनी मोटार जपणाऱ्या अमेरिकन कुटुंबाला विचारले, तर ते या ठिकाणाचे नाव आदराने घेईल. कारण इथे मोटारीची किंमत कोणी विचारत नाही. विचारतात तो फक्त वेळ, आणि तोही सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलेला.

लॉस एंजलिसहून उत्तरेकडे निघाले की रस्ता टेजोन खिंडीत बाराशे मीटरहून अधिक उंचीवर चढतो आणि मग एकदम सपाट, अफाट सॅन वाकीन खोऱ्यात उतरतो. द्राक्षांचे मळे, बदामाच्या बागा आणि मान खाली-वर करणारे तेलाचे पंप मागे टाकत बेकर्सफील्ड शहर येते. तिथून ९९ क्रमांकाच्या महामार्गाने आणखी तीसेक किलोमीटर गेले की मॅकफारलंड गावाच्या अलीकडे फॅमोसो लागते. लॉस एंजलिसपासून हे सारे अंतर सुमारे २१० किलोमीटर. फेब्रुवारीच्या अखेरीस बदाम फुलतो, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजू पांढऱ्याशुभ्र दिसतात.

या खोऱ्याचे आणि जुन्या गाड्यांचे नाते जुने आहे. १९३०च्या दशकात ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांत दुष्काळ व धुळीच्या वादळांनी शेती बुडाली. तेव्हा हजारो कुटुंबे खटारा मोटारींवर गाद्या-भांडी बांधून इकडे मजुरीला आली. वाटेत गाडी मोडली तर ती स्वतःच दुरुस्त करायची, नाहीतर तिथेच मुक्काम. मोडकी गाडी चालू ठेवणे ही त्यांची हौस नव्हती, गरज होती. पुढच्या पिढीने त्या गरजेचा खेळ केला.

धावपट्टीची शर्यतपट्टी

ड्रॅग रेसिंग हा खेळ समजायला अगदी सोपा. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर धावतात. वळण नाही, फेरी नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी कॅलिफोर्नियातील तरुण आपल्या गाड्या म्युरॉक आणि एल मिराज येथील कोरड्या सरोवरांच्या तळांवर पळवत. युद्धानंतर हा नाद शहरातल्या रस्त्यांवर आला आणि अपघात होऊ लागले. त्यावर उपाय म्हणून १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. तरुणांना दटावण्यापेक्षा त्यांना बंदिस्त पट्टी, नियम आणि घड्याळ द्यावे, हा त्यामागचा विचार. युद्धकाळात बांधलेल्या आणि नंतर ओस पडलेल्या धावपट्ट्या त्यासाठी उपयोगी पडल्या. फॅमोसोची पट्टीही त्यांपैकीच एक.

तिची खरी ख्याती झाली १९५९च्या मार्चमध्ये. 'स्मोकर्स' नावाच्या बेकर्सफील्डच्या क्लबने मोठी शर्यत भरवली. फ्लोरिडाचा डॉन गार्लिट्स आपली घरी बांधलेली गाडी घेऊन देश ओलांडून आला. पहिला मान मात्र कॅलिफोर्नियाच्या आर्ट ख्रिसमनने पटकावला. गार्लिट्सने ही शर्यत पुढे १९६५ साली जिंकली. 'मार्च मीट' या नावाने ती जुन्या गाड्यांच्या शौकिनांची वारी होऊन बसली. १९९२ साली येथे हॉट रॉड रियुनियन हा स्नेहमेळावाही सुरू झाला. झाडांच्या सावलीत चकचकीत जुन्या गाड्या मांडायच्या, शेजारी घडीच्या खुर्च्या टाकून आजोबांनी नातवाला इंजिन समजावून सांगायचे, असा त्याचा थाट.

पैशाची नव्हे, घड्याळाची शर्यत

मेळ्यातल्या नायट्रोमिथेनवर धावणाऱ्या गाड्यांचा कानठळ्या बसवणारा आवाज प्रेक्षकांना खेचतो. पण तो खर्च सामान्य माणसाच्या आवाक्यातला नाही. वेल्डर, शेतमजूर, शाळेचा बसचालक यांच्यासाठी असते ती ब्रॅकेट शर्यत. तिची युक्ती मोठी न्याय्य आहे. प्रत्येकाने आपली गाडी पाव मैलाला किती वेळ घेईल, हे आधीच जाहीर करायचे. समजा एकाची १९७० सालची शेव्हरले नोव्हा १४.३० सेकंद घेते आणि समोरच्याची गाडी ११.३०. मग नोव्हाला तीन सेकंद आधी हिरवा दिवा मिळतो. जाहीर केलेल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचले तर बाद. म्हणून इथे सर्वांत वेगवान गाडी जिंकतेच असे नाही. आपल्या गाडीला नीट ओळखणारा आणि दिव्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहणारा जिंकतो.

तरीही आपली गाडी आधीपेक्षा थोडी वेगाने धावावी, असे कोणाला वाटत नाही? इथेच नवशिके फसतात. पहिला पगार हातात आला की ते मोठा कार्ब्युरेटर, नवा कॅमशाफ्ट, आवाजी सायलेन्सर घेऊन मोकळे होतात. फॅमोसोचे जुने जाणते मात्र आधी एक कागद मागतात. प्रत्येक धावेनंतर खिडकीतून मिळणारी वेळेची चिठ्ठी.

या चिठ्ठीवर दिव्याला दिलेला प्रतिसाद, पहिल्या ६० फुटांची वेळ, मधले टप्पे, एकूण वेळ आणि शेवटचा वेग छापलेला असतो. वैद्याने नाडी पाहावी तशी ती वाचतात. आपल्या उदाहरणातली नोव्हा अजून सुधारलेली नव्हती, तेव्हाची चिठ्ठी पाहा. शेवटचा वेग ताशी ९७ मैल, म्हणजे सुमारे १५६ किलोमीटर. पण एकूण वेळ १४.८ सेकंद आणि पहिल्या ६० फुटांना २.४ सेकंद. याचा अर्थ इंजिनात दम आहे. दोष सुटण्यात आहे. चाके जागच्या जागी फिरत आहेत, ताकद धुरात जात आहे. अशा गाडीला मोठे इंजिन बसवले तर धूरच वाढेल! पहिल्या ६० फुटांत दशांश सेकंद वाचवला की शेवटी त्याचे दीड ते दोन दशांश होतात, हा इथला जुना हिशेब.

कमी खर्चाचे उपाय

पहिला उपाय फुकटचा: वजन उतरवणे. शंभर पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो कमी झाले की साधारण एक दशांश सेकंद वाचतो. स्टेपनी, जॅक, मागची सीट, डिकीतला पसारा काढून ठेवायचा आणि पेट्रोल गरजेपुरतेच भरायचे. ब्रेक आणि पट्टे यांना मात्र हात लावायचा नाही.

दुसरा उपाय साफसफाईचा. नवे स्पार्क प्लग, स्वच्छ एअर फिल्टर, नीट लावलेले इग्निशन टायमिंग. जुन्या गाडीचे टायमिंग हलके हलके पुढे सरकवून प्रत्येक वेळी चिठ्ठी पाहायची. दोन धावांच्या मध्ये बॉनेट उघडे ठेवून इंजिन निवू द्यायचे. काही जण इनटेक मॅनिफोल्डवर बर्फाची पिशवीही ठेवतात. थंड हवा दाट असते, म्हणून संध्याकाळची धाव बहुधा दुपारच्या धावेपेक्षा सरस ठरते. एका वेळी एकच बदल करावा, हा नियम सगळे सांगतात. दोन बदल एकदम केले तर फरक कशाने पडला, ते कधीच कळत नाही.

तिसरा उपाय टायरचा, आणि खिशात हात घालायचाच असेल तर पहिला पैसा इथे खर्चावा. मऊ रबराचे, रस्ता धरून ठेवणारे मागचे टायर आणि त्यांत बेताने कमी केलेली हवा यांनी गाडी जागेवरून उसळते. चौथा उपाय मागच्या डिफरन्शियलचा. रस्त्यावर पेट्रोल वाचवण्यासाठी बसवलेल्या २.७३ गुणोत्तराऐवजी ३.७३चा गिअर भंगारातल्या जुन्या गाडीतून काढून बसवला, तर इंजिन पाव मैलात आपल्या जोमात लवकर येते. महामार्गावर मात्र तीच गाडी जास्त पेट्रोल पिते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवलेले बरे.

पाचवा उपाय चालकाचा. पट्टीच्या तोंडाशी प्रकाशकिरणांच्या दोन रेषा असतात. पुढचे चाक दुसऱ्या किरणाला जेमतेम टेकवून थांबले, तर घड्याळ सुरू होण्याआधी गाडीला काही इंच धाव मिळते. १९६३ सालापासून वापरात आलेल्या 'ख्रिसमस ट्री' या दिव्यांच्या खांबावर पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने उतरतात. शेवटच्या पिवळ्यावर पाय उचलायचा. हिरव्याची वाट पाहणारा मागे राहतो. हे शिकायला सरावाच्या दिवसाचे प्रवेशशुल्क पुरते.

कुठे थांबावे?

वेळ कमी करण्याच्या नादाला नियमांनीच लगाम घातला आहे. गाडी १३.९९ सेकंदांच्या आत आली की हेल्मेट सक्तीचे. जुनी गाडी ११.४९च्या आत आली की लोखंडी रोल बारही हवा. म्हणून बेताच्या मिळकतीतले अनेक जण बारा-तेरा सेकंदांवर समाधान मानतात. त्यापुढचा प्रत्येक दशांश आधीच्या दशांशाहून महाग पडतो. शिवाय ब्रॅकेट शर्यतीत त्याने विजय जवळ येत नाही.

हे नियम रक्ताने लिहिलेले आहेत. १९७० साली लॉस एंजलिसजवळच्या लायन्स पट्टीवर गार्लिट्सच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्याच्या उजव्या पावलाचा भाग गेला. दवाखान्यात पडल्या पडल्या त्याने इंजिन चालकाच्या मागे ठेवण्याची रचना मनात पक्की केली. पुढच्याच वर्षी तशी गाडी त्याने शर्यतीत उतरवली आणि सारा खेळ बदलला.

मैदानातली गर्दी पुरुषांचीच असते, असे समजू नये. शर्ली मल्डाउनी या महिलेने १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीनदा टॉप फ्युएल या सर्वोच्च गटाची विजेती होऊन दाखवले. १९९२ पासून मुला-मुलींसाठी लहान गाड्यांच्या ज्युनिअर शर्यतीही सुरू झाल्या. आई चिठ्ठ्यांची वही सांभाळते, मुलगी टायरची हवा तपासते, वडील बॉनेटखाली डोके घालून बसलेले, असे चित्र इथे सहज दिसते.

पाहायला जायचे तर मार्चचा आरंभ उत्तम. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि हिवाळ्यात या खोऱ्यात दाट धुके पसरते. टोपी, पाणी आणि कानांत घालायचे बोळे विसरू नयेत. लहान मुलांसाठी तर ते हवेतच.

आणि जमल्यास लवकर जावे. सँटा ॲनाच्या विमानतळावरची पट्टी १९५९ साली गेली, लायन्स १९७२ मध्ये, ऑरेंज काउंटी १९८३ मध्ये. शहर वाढले, जमिनीला सोन्याचा भाव आला, आवाजाच्या तक्रारी झाल्या आणि जिथे घड्याळ होते तिथे गोदामे आणि इमारती उठल्या. फॅमोसो टिकले, कारण त्याचे शेजारी बदामाची झाडे आहेत आणि झाडे तक्रार करत नाहीत. पट्टी बंद झाली म्हणून तरुणांचा वेगाचा नाद बंद होत नाही. तो पुन्हा रात्रीच्या रस्त्यावर जातो, जिथे हेल्मेट नाही, रुग्णवाहिका नाही आणि समोरून कोण येत आहे, ते कोणालाच ठाऊक नाही. पाव मैलाचा एक सरळ रस्ता राखून ठेवणे त्यामानाने फारच स्वस्त आहे.