नसलेला फोन मराठीत बोलू लागला!

माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर आत्ता दोन फोन सुरू आहेत. एक हातात मावेल असा, दुसरा ऐसपैस टॅब्लेट. दोन्हींवर घड्याळ चालतंय, बॅटरीचा आकडा दिसतोय, कॉल येतो, मेसेज येतो, आडवे केले की चित्रही आडवं होतं. आणि यातला एकही कधी कारखान्यात बनलेला नाही, दुकानात विकला गेलेला नाही! दोन्ही मी बनवलेत. मॉडेल निवडलं, अँड्रॉइडची आवृत्ती निवडली, नाव दिलं, की फोन हजर.

याला इम्युलेटर म्हणतात. इतकी वर्षं फोन हातात घेऊन हिंडले, पण त्याच्या आत शिरायची वाट आहे, ती सगळ्यांना खुली आहे आणि तिथे जायला पैसे पडत नाहीत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी तुम्हाला सांगतेय, आणि घाईघाईनेच सांगतेय, कारण सांगण्यासारखं फार आहे.

साधनाचं नाव अँड्रॉइड स्टुडिओ. गूगलने ते २०१३ मध्ये जाहीर केलं आणि डिसेंबर २०१४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. नवा प्रकल्प उघडायचा, समोर येणाऱ्या नमुन्यांतून ‘एम्प्टी ॲक्टिव्हिटी’ निवडायचा, ॲपला नाव द्यायचं. मग खाली एक पट्टी सरकत राहते. ग्रेडल नावाची यंत्रणा इंटरनेटवरून लागणारं सामान गोळा करत असते. पहिल्या वेळी चहा करून, पिऊन, कप विसळून यावं एवढा वेळ सहज जातो. जाऊ द्या. परत याल तेव्हा वरच्या पट्टीत एक हिरवा त्रिकोण दिसेल. तो दाबा.

पडद्यावर फोन उगवतो. अँड्रॉइडचं नाव चमकतं, होम स्क्रीन येते आणि तुमचं ॲप उघडतं. त्यावर ‘हॅलो अँड्रॉइड!’ एवढंच लिहिलेलं असतं. मी कोडमध्ये जाऊन ‘अँड्रॉइड’ पुसलं, तिथे ‘सांगली’ लिहिलं, पुन्हा त्रिकोण दाबला आणि फोन म्हणाला, ‘हॅलो सांगली!’ काय सांगू तुम्हाला! दुसऱ्या कुणीतरी बनवलेली बटणं दाबत आयुष्य काढल्यावर आपण लिहिलेला शब्द फोनने उच्चारावा, यासारखं सुख नाही.

आता ही गोष्ट ऐका. अँड्रॉइडचा पहिला फोन, एचटीसीने बनवलेला टी-मोबाइल जी१, अमेरिकेतल्या दुकानांत आला ऑक्टोबर २००८ मध्ये. पण प्रोग्रामरांसाठी साधनांचा संच गूगलने खुला केला होता नोव्हेंबर २००७ मध्ये, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी. आणि त्या संचात इम्युलेटर होता! ज्या काळात दुकानात जाऊन अँड्रॉइड फोन मागितला असता तर मिळाला नसता, त्या काळात लोक त्याची ॲप्स लिहीत होते, चालवून बघत होते, सुधारत होते. उत्तम ॲप्ससाठी गूगलने एकूण एक कोटी डॉलरच्या बक्षिसांची स्पर्धाही लावली होती. म्हणजे अँड्रॉइडच्या घराण्यात थोरला इम्युलेटर, फोन धाकटा!

हे चालतं कसं, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. इम्युलेटरच्या पोटात क्यूएमू नावाचा प्रोग्राम आहे. फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने तो लिहिला आणि २००३ मध्ये जगाला देऊन टाकला. व्हिडिओच्या जगात जिथेतिथे वापरलं जाणारं एफएफएमपेगही याच माणसाने सुरू केलेलं! क्यूएमू अख्ख्या यंत्राचं सोंग घेतो. त्यात चालणाऱ्या अँड्रॉइडला वाटतं, आपल्याखाली खरा प्रोसेसर आहे, खरी मेमरी आहे, खरा पडदा आहे. पूर्वी हे भयंकर हळू चाले, कारण फोनची चिप एका जातीची आणि लॅपटॉपची दुसऱ्या. त्यामुळे फोनच्या सूचना लॅपटॉपच्या चिपला कळतील अशा रूपात सतत बदलून द्याव्या लागत. आता लॅपटॉपच्या चिपसाठीच तयार केलेलं अँड्रॉइड मिळतं आणि ते तिच्यावर थेट धावतं. मात्र त्यासाठी चिपमधलं व्हर्च्युअलायझेशन चालू लागतं. पुष्कळ विंडोज लॅपटॉपांवर ते बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, बंद असतं. इंटेलच्या यंत्रात त्याला बहुधा व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीच्या यंत्रात एसव्हीएम. तुमचा इम्युलेटर रखडत असेल तर लॅपटॉपला दोष देण्याआधी ही एक खूण तपासा.

बरं, फोन सुरू झाला. आता त्याच्या शेजारच्या पट्टीतली तीन टिंबं दाबा आणि पुढचा अख्खा रविवार मोकळा ठेवा. या नव्या फोनला जन्मतः वाटत असतं की आपण कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला, गूगलच्या मुख्यालयाजवळ आहोत. मी त्याला नकाशावरून उचलून पुण्यात आणलं. मग पुणे ते वाई असा रस्ता आखून दिला आणि चालू केलं. नकाशातला निळा ठिपका निघाला की! कात्रज, शिरवळ, खंबाटकी... टेबलावरचा लॅपटॉप तसूभर हलला नाही आणि त्यातला फोन घाट चढत होता.

तिथेच बॅटरी पाच टक्क्यांवर आणता येते, चार्जर काढता येतो. नेटवर्क फोर-जीवरून थेट जुन्या एजवर उतरवता येतं. हव्या त्या नंबरवरून कॉल लावता येतो, बोटाचा ठसा उमटवता येतो. कॅमेरा उघडला तर एक काल्पनिक खोली दिसते आणि कीबोर्डवरची बटणं दाबून तिच्यात फिरता येतं. हा सगळा पसारा गंमत म्हणून केलेला नाही, आणि हेच मला सर्वांत आवडलं. डोंगरातल्या गावात रेंज जेमतेम असताना ॲप कसं वागेल, एखाद्याचा कॉल मध्येच आला तर अर्धवट लिहिलेलं टिकेल का, हे टेबलाशी बसून बघता येतं. मी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं सर्वांत मोठी केली, कारण आईच्या फोनवर ती तशीच असतात. लगेच कळलं की बटणाला आणखी जागा द्यायला हवी. आईला त्रास होण्याआधीच कळलं!

ॲप कसलं करायचं, याचा मला फार विचार करावा लागला नाही. आमच्याकडे दुधाचा रतीब आहे. रोज एक लिटर, कधी खाडा, कधी पाहुणे आले की जादा. त्याच्या नोंदी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत होतात आणि महिनाअखेरीला दूधवाले काका आले की आम्ही दोघं त्या चौकोनांपुढे उभं राहून बेरीज करतो. म्हणून माझं ॲप ‘रतीब’. वर महिना, मधे आजचं दूध, खाली दोन बटणं: ‘खाडा’ आणि ‘जादा’. एवढंच.

हे मी कॉटलिन भाषेत लिहिलं. जेटब्रेन्स कंपनीने ती बनवली आणि तिला सेंट पीटर्सबर्गजवळच्या एका बेटाचं नाव दिलं. २०१७ मध्ये गूगलने तिला अँड्रॉइडसाठी अधिकृत मान्यता दिली. पडदा रचायला वापरलं जेटपॅक कंपोझ, त्याची १.० आवृत्ती जुलै २०२१ मधली. आणि कंपोझमधला एक विचार माझ्या डोक्यातून जातच नाही. तिथे तुम्ही पडद्याला ‘हे पूस, ते लिही’ असं सांगतच नाही. आधी एकदाच सांगून ठेवायचं, की लिटर इतके असतील तर पडदा असा दिसेल. मग तुम्ही फक्त लिटर बदला. त्या आकड्यावर अवलंबून असलेलं जे जे पडद्यावर असेल, ते आपोआप नव्याने रंगतं. मी ‘जादा’ दाबलं आणि मधला आकडा बदलला, महिन्याची बेरीज बदलली, बिलाची रक्कम बदलली. मी फक्त एका जागी एक मिळवला होता!

मग मी इम्युलेटरमधला फोन आडवा केला आणि आकडा पुन्हा एकवर. का? कारण फोन आडवा झाला की अँड्रॉइड तो पडदा मोडून टाकतं आणि पुन्हा पहिल्यापासून उभारतं. मोडताना काय जपून ठेवायचं ते त्याला सांगावं लागतं, आणि त्यासाठी कोडमध्ये एका शब्दाचा फरक पुरतो. कायमचं जपायचं असेल तर रूम नावाची सोय आहे. ती फोनमधल्याच एसक्यूलाइट या डेटाबेसच्या कोष्टकांत नोंद ठेवते. आणि ॲप चालू असताना अँड्रॉइड स्टुडिओच्या एका खिडकीत ती कोष्टकं उघडी ठेवता येतात. उजवीकडे फोनवर ‘खाडा’ दाबायचं, डावीकडे कोष्टकात नवी ओळ आलेली बघायची. विचार आणि त्याचा परिणाम असे शेजारीशेजारी मी आजवर कुठेच पाहिले नव्हते.

लॉगकॅटबद्दलही सांगायलाच हवं. खालच्या पट्टीत ही खिडकी असते आणि तिच्यात फोन अखंड बोलत असतो: मी हे सुरू केलं, ते थांबवलं, याने परवानगी मागितली, त्याला मिळाली नाही. प्रत्येक ओळीला वेळ, प्रत्येक ओळीला दर्जा: साधी माहिती, सावधगिरीची सूचना, चूक. ॲप कोसळलं तर लाल अक्षरांत कारण येतं आणि त्याखाली कुठल्या फाइलमधली कितवी ओळ तेही येतं. त्या निळ्या ओळीवर टिचकी मारली की थेट तिथे जाऊन पोहोचता. दोष इतक्या नेमकेपणाने दाखवणारा शिक्षक मला शाळेत असता तर!

पण मला खरं वेड लागलं ते मराठीने. ॲपमधले सगळे शब्द एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचे असतात. तिच्या फोल्डरचं नाव ‘व्हॅल्यूज’. त्याच्या शेजारी आणखी एक फोल्डर करायचा, त्याच्या नावापुढे आडवी रेघ देऊन मराठीची ‘एमआर’ ही दोन अक्षरं जोडायची आणि आत त्याच शब्दांची मराठी यादी ठेवायची. संपलं! पुढे कुठेही ‘फोन मराठीत असेल तर’ असं लिहावं लागत नाही. मी इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी केली. अख्खा फोन मराठी झाला आणि त्याच्याबरोबर माझं ॲपही. आकड्यांना मराठी पद्धतीने मांडायला सांगितलं तर अंक देवनागरी आले आणि स्वल्पविरामही आपल्या लाखाच्या जागी: १,२३,४५६. एक खाडा आणि तीन खाडे, हा फरकसुद्धा त्याला शिकवता येतो! एकवचनाचं रूप वेगळं, अनेकवचनाचं वेगळं, दोन्ही लिहून ठेवायची आणि संख्या बघून तो योग्य ते निवडतो. आपल्या भाषेची सोय या यंत्रणेच्या पायातच करून ठेवलेली आहे. तरी मराठी नसलेली इतकी ॲप्स आपण वापरतो, म्हणजे उणीव यंत्रणेत नाही. ती यादी लिहायला कुणी बसलेलं नाही, आणि बसायला हवं.

शेवटी खऱ्या फोनची पाळी. फोनच्या माहितीच्या पानावर बहुधा तळाशी बिल्ड नंबर असतो. त्यावर सात वेळा बोट टेकवायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला फोनच सांगू लागतो की आता थोडंच राहिलं, आणि सातव्याला जाहीर करतो की तुम्ही डेव्हलपर झालात! सेटिंगमध्ये एक नवा विभाग उघडतो. त्यात यूएसबी डीबगिंग चालू करायचं, केबल जोडायची, फोन विचारेल त्याला होकार द्यायचा. तोच हिरवा त्रिकोण, फक्त या वेळी यादीतून आपला खरा फोन निवडायचा. माझ्या फोनवर आता बँकेच्या आणि नकाशाच्या चिन्हांच्या रांगेत ‘रतीब’ आहे.

आयफोनसाठी ॲप करायचं असेल तर मॅक संगणक आणि एक्सकोड हे साधन लागतं. तो वेगळा प्रांत आहे. कोड लिहायची धास्ती वाटत असेल त्यांनी एमआयटीचं ॲप इन्व्हेंटर बघावं, तिथे ठोकळे जोडून ॲप होतं. मुलांबरोबर बसायला ते फार छान आहे. पण मोठ्यांनी सरळ अँड्रॉइड स्टुडिओलाच हात घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे. प्ले स्टोअरचा विचार आत्ता नकोच. तिथे नोंदणीचे एकदाच पंचवीस डॉलर भरावे लागतात, पण स्वतःच्या फोनवर स्वतःचं ॲप टाकायला कुणाला काही द्यावं लागत नाही. आधी महिनाभर व्हिडिओ बघून मग सुरुवात करू, असंही म्हणू नका. आधी इम्युलेटर उघडा, मग शिका. शिकायला गूगलचाच ‘अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोझ’ हा मोफत अभ्यासक्रम आहे, अगदी पहिल्या ओळीपासून.

नुसत्या अँड्रॉइड स्टुडिओला लॅपटॉपमध्ये आठ जीबी मेमरी किमान हवी. इम्युलेटरही चालवायचा तर सोळा हवी. डिस्कवर भरपूर जागा मोकळी करा, कारण प्रत्येक नसलेला फोन काही जीबी खातो. आज रात्री जेवण झालं की डाउनलोड लावून ठेवा आणि झोपा. सकाळी तुमच्या घरातला एक हिशोब निवडा: भिशीचा, रतीबाचा, औषधांच्या वेळांचा, कुठलाही. त्याला मराठीत नाव द्या आणि हिरवा त्रिकोण दाबा.