खोलीचा दाखला

शाळेच्या कचेरीत बसून आयुष्यभर दाखल्यांवर सह्या करणाऱ्या माणसाला दाखल्याची थोरवी आणि त्याची मर्यादा या दोन्ही सारख्याच ठाऊक असतात. अमुक दिवशी विद्यार्थ्याला एवढे येत होते, इतकेच दाखला सांगतो. पुढे तो काय विसरला याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. तरीही घरातल्या मुलीने कोणता दाखला घ्यावा, या प्रश्नाने अलीकडे आमचे बरेच दिवस खाल्ले. कारण ही परीक्षा समुद्राच्या पोटात द्यायची होती.

आम्ही मूळचे खानदेशातले. वडील पोटापाण्यासाठी सुरतेस आले आणि कतारगामला स्थिरावले. तापी आमच्या कुळाला ओळखीची, समुद्र मात्र परका. अशा घरातली आमची पुतणी येथल्याच एका हिऱ्याच्या कारखान्यात संगणकावर कच्च्या हिऱ्यांची आखणी करते. गेल्या वर्षी ती मालवणजवळ तारकर्लीला गेली आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या संस्थेत स्कूबा शिकून ‘ओपन वॉटर’ हा पहिला दाखला घेऊन आली. दिवाळीत हिऱ्याचे कारखाने बंद असतात. त्या सुटीत पुढची पायरी चढायची, असा तिचा बेत. “काका, तुम्ही मास्तर. तुम्हीच सांगा, आता ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ करू की ‘रेस्क्यू’ची वाट धरू?” असा तिने पेच टाकला. पाण्याखाली श्वास घेण्याचा आम्हांला अनुभव नाही. परंतु अभ्यासक्रम वाचणे हा आमचा व्यवसायच असल्याने आम्ही कागदपत्रे मागवून घेतली.

१९६६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘पॅडी’ या संस्थेचे दाखले जगभर चालतात. तिच्या पहिल्या दाखल्यावर १८ मीटरपर्यंत उतरता येते, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’वर ३० मीटरपर्यंत. या दुसऱ्या पायरीसाठी पाच बुड्या माराव्या लागतात. त्यांपैकी एक खोल पाण्यातली आणि एक होकायंत्राने दिशा शोधण्याची, या दोन अनिवार्य, उरलेल्या तीन आवडीच्या. पहिल्या दाखल्याच्या चार बुड्या धरल्या तर एकूण नऊ झाल्या. म्हणजे नऊ बुड्यांचा अनुभव असलेला माणूस ‘प्रगत’ ठरू शकतो! याउलट ‘एस.एस.आय.’ ही दुसरी संस्था जवळजवळ हेच नाव चार विशेष विषय आणि चोवीस बुड्या पुऱ्या झाल्याखेरीज देत नाही. आंतरराष्ट्रीय मानकांत तर देखरेखीखाली उतरणारा, स्वतंत्रपणे उतरणारा आणि इतरांना नेणारा अशा तीनच पायऱ्या आहेत. ‘प्रगत’ नावाची पायरी तेथे नाहीच. भाषेच्या अध्यापकाला यात नवल वाटू नये. विशेषणे नेहमीच वस्तूपेक्षा मोठी असतात.

मग १८ आणि ३० यांत अंतर किती? जमिनीवर बारा मीटर म्हणजे चार मजली घर. पाण्यात मात्र दर दहा मीटरला वातावरणाएवढा दाब वाढतो. तीस मीटरवर तो चौपट होतो, आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी तासभर पुरणारी टाकी तेथे पाव तासात संपते. टाकीत प्राणवायू असतो असा अनेकांचा समज आहे. साधारणतः तीत भरलेली असते ती आपली नेहमीचीच हवा. त्या हवेतला नत्रवायू इतक्या दाबाखाली गुंगी आणू लागतो, आणि गुंगी आलेल्याला आपण शुद्धीवर आहोत असेच वाटत असते. घाबरून झपाट्याने वर यावे, तर रक्तात विरघळलेल्या त्याच वायूचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून सावकाश वर यायचे आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, हा शिरस्ता. थोडक्यात, खोल जाण्याची परवानगी मिळते त्याच ठिकाणी विचारशक्ती मंदावते. तेथे उपयोगी पडते ती हाडीमाशी मुरलेली सवय, आणि सवय नऊ बुड्यांत मुरत नाही.

पुतणीचे मन खोलीकडे ओढ घेत होते, त्यालाही सबळ कारण होते. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर, भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरविणारी ‘अँग्रिया बँक’ ही प्रवाळांची विस्तीर्ण उंचवट्याची जागा आहे. तिचा माथाच मुळी सुमारे वीस मीटर पाण्याखाली. पहिल्या दाखल्याची मर्यादा तेथे दोन मीटरांनी तोकडी पडते! मराठी आरमाराच्या नावाची जागा मराठी मुलीने पाहू नये, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?

परंतु ‘रेस्क्यू’चा अभ्यासक्रम वाचला आणि आमचे मत ठरले. धास्तावलेला सोबती कसा ओळखावा, थकलेल्याला ओढून कसे आणावे, हरवलेल्याचा शोध कसा घ्यावा, निश्चेष्ट पडलेल्याला वर आणून श्वास कसा द्यावा, हे तेथे शिकवितात. आणि त्याआधी स्वतःला सावरायला शिकवितात. विशेष म्हणजे येथे येण्यासाठी खोल बुडीची सक्ती नाही. दिशाशोधनासह तीन बुड्यांचा ‘अ‍ॅडव्हेंचर’ दाखला आणि प्रथमोपचाराचे शिक्षण एवढ्यावर प्रवेश मिळतो. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी सुरतेच्या घराघरांत शिरले, ते ज्यांनी पाहिले त्यांना हे महत्त्व फोडून सांगावे लागत नाही. त्या दिवसांत कोण किती उत्तम पोहतो, हे कोणी विचारीत नव्हते. दुसऱ्याला हात कोण देतो, एवढेच लोक पाहत होते.

आम्ही पुतणीला तिच्याच धंद्यातले उदाहरण दिले. हिऱ्याचे वजन, रंग, स्वच्छता आणि घडण यांचा दाखला एकदा मिळाला की हिरा तिजोरीत वर्षानुवर्षे तसाच राहतो. माणूस तसा राहत नाही. वर्षभर पाण्यात न उतरलेल्याच्या खिशात कोणतेही कार्ड असो, त्याने आधी उथळ पाण्यात उजळणी केलेली बरी.

ती थोडी हिरमुसली, मग कागद घेऊन हिशेबाला बसली. या दिवाळीत तीन बुड्या आणि प्रथमोपचार. त्यानंतर मालवणच्या उथळ पाण्यात जमतील तेवढ्या बुड्या. पुढच्या सुटीत ‘रेस्क्यू’. आणि खोल बुडी त्यानंतर, असा क्रम तिने स्वतःच लावला. आमच्या वहिनींनी या साऱ्या चर्चेत एकच प्रश्न विचारला होता, “खाली हिच्याजवळ कोण असणार?” स्कूबात दोघांनी जोडीने उतरायचे असते, हे त्यांना सांगितल्यावर त्या निश्चिंत झाल्या. आमच्या मनात मात्र तोच प्रश्न उलटा उभा राहिला, की हिच्याजवळ जो असेल, त्याच्याही आईने हेच विचारले असेल. त्या अनोळखी माउलीला आमच्या घरातून जे उत्तर जायला हवे, ते ‘रेस्क्यू’च्या वर्गात तयार होते, असे आम्हांला वाटते.