आग्नेयेकडून आलेलं

कोकणात कौलांवर, गच्चीच्या कठड्यावर, गोठ्याच्या पत्र्यावर जितक्या म्हणून डिश बसवलेल्या दिसतात, तितक्या सगळ्या साधारण एकाच दिशेला बघत असतात. आग्नेयेला. आमच्या घरावरच्या फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ तिकडे आहे, विषुववृत्ताच्या बरोबर वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. पृथ्वीच्याच चालीनं फिरत असल्यामुळे तो आपल्याला जागचा हललेला दिसत नाही. तिथून निघालेला सूर आमच्या अंगणात उतरतो तेव्हा सेकंदाचा जेमतेम आठवा हिस्सा सरलेला असतो. तो सूर आमच्यासाठी जितका, तितकाच वाडीतल्या शेवटच्या घरासाठीही. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शननं ही सेवा सुरू केली तेव्हापासून तिला महिन्याचं भाडं नाही. छत्री आणि डबा एकदा घेतला की झालं.

इतकं उदारपणे आलेलं सगळं आलं तसं निघूनही जातं, याची मला फार हळहळ वाटे. त्या हळहळीतूनच घरातल्या जुन्या संगणकाला काम मिळालं.

पेन्टियम ४, त्यावर विंडोज एक्सपी, आणि मागे पीसीआय कार्ड बसवायच्या दोन रिकाम्या खाचा. आजच्या कुठल्याच कामाला तो पुरा पडत नाही असं सगळे म्हणत. पण उपग्रहाचं चित्रण धरून ठेवायला ताकद फार लागत नाही. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी आभाळातून येतानाच एमपेग पद्धतीनं आवळून आलेली असते. संगणकानं तिच्यावर कसलीही प्रक्रिया करायची नाही, आलं तसं उतरवून घ्यायचं. सेकंदाला तीन मेगाबिटच्या आसपास हा ओघ असतो, म्हणजे तासाभराचा कार्यक्रम सव्वा-दीड जीबीत मावतो. जुनी यूएसबी २.० ची तार कागदोपत्री ४८० मेगाबिट वाहून नेते. त्या मानानं हा ओघ किरकोळ. खाचेत एक उपग्रह कार्ड बसवलं, छतावरची केबल त्याला जोडली, बाहेरची हार्ड डिस्क लावली, आणि वीस वर्षांचं जुनं यंत्र पुन्हा कामाला लागलं.

त्या केबलचं मला अजून नवल वाटतं. एकाच तारेतून आभाळातलं चित्र खाली येतं आणि त्याच तारेतून संगणकाकडून वीज वर जाते. कार्डानं १३ व्होल्ट पाठवले की छत्रीपुढचा एलएनबी उभ्या लहरी घेतो, १८ पाठवले की आडव्या. वाहिनी बदलताना आपण खोलीत नुसती कळ दाबतो, पण वर छपरावर कुणीतरी ते ऐकत असतं.

आषाढीची गोष्ट सांगतो. आईचे गुडघे आता वारीचे राहिले नाहीत. एकादशीच्या पहाटे विठ्ठलाची शासकीय महापूजा सह्याद्रीवर थेट दाखवतात, पण पहाटे म्हणजे आमच्याकडे मध्यरात्रच. आदल्या संध्याकाळी तिचा प्रश्न ठरलेला, ‘लावलंस ना रे ते?’ ‘लावलंय आई, तू नीज.’ वेळ लावून ठेवायची, इन्व्हर्टर चालू आहे ना ते बघायचं, आणि वीज जाऊन आली तर संगणकानं आपण होऊन उठावं ही बायोसमधली खूण तपासायची. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपत आला की जुन्या संगणकाचं घड्याळ मागे पडतं. त्यालाही तोड आहे, कारण उपग्रहाच्या ओघात चित्र आणि आवाजाबरोबर तारीख आणि वेळही येत असते. त्यावर घड्याळ लावून घेता येतं.

पण कोकणातली आषाढी म्हणजे धुवाधार पाऊस. या छत्र्या ज्या केयू पट्ट्यात ऐकतात त्या लहरी पावसाच्या थेंबांत विरतात. प्रसारण आखणाऱ्यांनी त्याची सोय आधीच केलेली आहे. ओघ १८८ बाइटच्या छोट्या छोट्या गठ्ठ्यांतून येतो आणि प्रत्येक गठ्ठ्याबरोबर १६ बाइट जास्तीचे पाठवलेले असतात. चार पाहुणे वाढणारच हे धरून आजी पातेल्यात दोन मुठी तांदूळ जास्त टाकते, तसे. वाटेत गठ्ठ्यातले आठ बाइटपर्यंत बिघडले, तरी त्या जास्तीच्या सोळांवरून मूळचे जसेच्या तसे जुळवता येतात. पाऊस त्याहून वाढला की मात्र चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो.

एका वर्षीच्या महापूजेत असंच झालं. अभिषेक चाललेला असताना विठ्ठलाच्या चेहऱ्याचे तुकडे झाले, क्षणभर पडदा काळा पडला, मग तुळशीच्या हारासकट तो पुन्हा सावकाश उमटला. मला ती फाइल पुसून टाकावीशी वाटली. आई म्हणाली, ‘राहू दे. आपल्याकडे पाऊस केवढा होता त्या रात्री, ते कळतं त्यातून.’ तिचं खरं होतं. पंढरपूरची पहाट आणि आमच्या वाडीवरची सर, दोन्ही एकाच फाइलीत नोंदल्या गेल्या होत्या. अशी फाइल दुसऱ्या कुणाकडेच नाही.

डिस्कचं पथ्यपाणी वेगळं. खिशात मावणारी हार्ड डिस्क यूएसबीतूनच वीज घेते. तिची तबकडी फिरायला लागते त्या क्षणी तिला झटक्यासरशी जास्त वीज हवी असते. जुन्या संगणकाच्या पुढच्या बाजूची भोकं तेवढी देत नाहीत. म्हणून ती मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवरच्या भोकात लावायची, नाहीतर दोन तोंडांची तार वापरायची. डिस्कची मांडणी फॅट-३२ असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे साधारण तीन तासांत तुकडा पडतो. ती मांडणी एनटीएफएस केली की ही अडचण सुटते. एक्सपीच्या संगणकाला २ टीबीहून मोठी डिस्क नीट पेलत नाही, तेव्हा लहानच घ्यावी. पावसाळ्यात ती सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, अधूनमधून लावून फिरवावी. आणि जे जपायचं ते दोन डिस्कवर, शक्यतो दोन घरांत ठेवावं.

एवढा खटाटोप कशासाठी? बीबीसीसारख्या संस्थेनंही साठच्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’ मालिकेचे कितीतरी भाग पुसून टाकले. त्या हरवलेल्या भागांचा आवाज आज ऐकू येतो, कारण तेव्हा काही प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो उतरवून घेतला होता. फिलाडेल्फियाच्या मेरियन स्टोक्स तीस वर्षांहून अधिक काळ, २०१२ मध्ये जग सोडेपर्यंत, रात्रंदिवस बातम्या टेपवर घेत राहिल्या. त्या हजारो टेप आता संशोधकांच्या कामाच्या झाल्या आहेत. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तिथल्या ‘गजरा’ आणि ‘चिमणराव’ या कार्यक्रमांबद्दल आमच्या घरात तासन्‌तास बोलणं होतं, पण त्यांचं एक मिनिटही घरात नाही. तेव्हा साध्या घराला ते धरून ठेवणं परवडणारंच नव्हतं. आज परवडतं.

बाबांसाठी मी ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतीचा कार्यक्रम उतरवतो. ते वही घेऊन बसतात, कलमांच्या छाटणीपाशी थांबवायला सांगतात, मागे नेऊन पुन्हा बघतात. तज्ज्ञाच्या हातातली कात्री फांदीवर कुठल्या कोनात टेकते, हे त्यांना तिसऱ्या खेपेला दिसलं. सरळ प्रक्षेपणात ते डोळ्यांपुढून निसटून गेलं असतं. मग वाडीतला एखादा मुलगा पेनड्राइव्ह घेऊन येतो आणि तो भाग आपल्या घरी नेतो.

जे सगळ्यांना फुकट मिळतं, ते जपणं हे कुणाचंच काम ठरत नाही. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या कुणाकडे असेलच. मराठीत रोज आभाळातून उतरणारी कीर्तनं, शेतीचे सल्ले, गाण्याच्या बैठका, बोलीत बोलणारी साधी माणसं यांचं असंच होत आलंय. भंगारवाल्याला द्यायला काढलेला संगणक आणि कपाटातली जुनी डिस्क हे काम आजच सुरू करू शकतात. सगळं कुणालाच धरता येणार नाही, धरायचंही नाही. आपल्या घराला जे पुन्हा बघावंसं वाटतं तेवढं प्रत्येक घरानं ठेवलं, तरी पुढच्या पिढीला आपण कसे बोलत होतो, कशाला हात जोडत होतो आणि फांदी कशी छाटत होतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल.