तांबट आळीच्या शेजारी चार्जिंगला लावलेली गाडी

पुणे शहर जिथून वाढत गेले, ती जुनी वस्ती म्हणजे कसबा पेठ. ग्रामदैवत कसबा गणपती इथलाच आणि धाकट्या शेख सल्ल्यांचा दर्गाही इथलाच. इथे कोणाचे हात राबले, ते गल्ल्यांच्या नावांवरूनच कळते. तांबट आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा, आणि हाताने कागद करणाऱ्या मुस्लिम कारागिरांचा कागदीपुरा. कागदाचे दिवस सरले, नाव राहिले. सप्टेंबर 2024 पासून पेठेच्या पोटातून भुयारी मेट्रो धावते. वर मात्र गल्ल्या तशाच अरुंद आहेत.

तांबट आळीत आजही हातोडीचे ठोके ऐकू येतात. तांब्याचा पत्रा लाल होईपर्यंत तापवायचा, मऊ झाला की ठोकायचा, ठोकून कडक झाला की पुन्हा तापवायचा. तांबे 1085 अंश सेल्सियसला वितळते, पण कारागीर तापमापक घेऊन बसत नाही. पत्र्याचा रंग पाहून तो उष्णता ओळखतो. त्याचा डोळा हाच त्याचा मापक.

याच गल्ल्यांत आता वाड्यावाड्याच्या दारात इलेक्ट्रिक स्कूटर दिसतात. त्यांच्या बॅटरीतली उष्णता डोळ्याला दिसत नाही. ते पाहण्याचे काम तांदळाच्या दाण्याएवढा एक सेन्सर करतो. त्याला थर्मिस्टर म्हणतात. तापमान वाढले की त्याचा विद्युत रोध कमी होतो. सर्रास वापरला जाणारा थर्मिस्टर 25 अंशांना 10 किलोओहम दाखवतो, 50 अंशांना साधारण साडेतीन. असे सेन्सर बॅटरीत असतात, काही गाड्यांत चार्जिंगच्या सॉकेटपाशीही असतात. त्यांचे आकडे वाचून गाडी ठरवते की चार्जिंग चालू ठेवायचे की थांबवायचे.

माझी बहीण याच पेठेत राहते. पावसाळा संपता संपता तिच्या मुलीच्या स्कूटरने चार्जिंग घेणे बंद केले. प्लग लावला की तापमानाची सूचना यायची आणि सगळे ठप्प.

“मामू, रात्रभर गाडी वाड्यात उभी होती. सकाळी हात लावला तर थंडगार. मग तापली कशी?” भाचीने विचारले.

प्रश्न नेमका होता. अशा बिघाडात पहिली गोष्ट हीच ठरवायची असते की उष्णता खरी आहे की सेन्सरची बातमी खोटी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे सगळे सेन्सर सकाळी हवेच्या तापमानाच्या आसपास हवेत. त्यातला एकच भलता आकडा दाखवत असेल, तर दोष सेन्सर, त्याची वायर किंवा जोड यांत आहे. उलट, सकाळी सगळे ठीक असून चार्जिंग सुरू झाल्यावर एक आकडा भराभर चढत असेल, तर उष्णता खरी समजावी. प्लग ढिला असेल, पिन काळवंडली असेल, किंवा बॅटरीतच काही बिघडले असेल.

जवळच्या एका मेकॅनिकने सोपा उपाय सुचवला. “ताई, सेन्सर काढून टाकतो आणि त्या जागी एक रेझिस्टन्स लावतो. गाडी पुन्हा कधी तक्रार करणार नाही.”

तक्रार खरोखरच थांबली असती. पण त्यानंतर चार्जिंगची पिन कितीही तापली तरी गाडीला सगळे थंडच वाटले असते. 26 मार्च 2022 रोजी पुण्यातच, लोहगाव भागात, उभ्या असलेल्या एका इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला होता. त्या वर्षी देशात अशा घटना घडत गेल्या. केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले आणि ते 1 डिसेंबर 2022 व 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. कसब्यातल्या जुन्या वाड्यांत लाकूडकाम भरपूर, जिना एकच, आणि बोळात अग्निशमनाची गाडी वळणेही कठीण. इथे एका घराने पत्करलेला धोका शेजारच्या सगळ्या घरांचा होतो.

बहिणीने नकार दिला आणि गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे तपासणीचे यंत्र जोडल्यावर बॅटरीचे सेन्सर 26-27 अंश दाखवत होते आणि चार्जिंग सॉकेटचा सेन्सर उणे 40. पुण्यात उणे 40! वायर तुटली किंवा जोड सुटला की रोध अमर्याद होतो आणि यंत्र त्याचा अर्थ कडाक्याची थंडी असा लावते. वायरी एकमेकींना चिकटल्या, तर उलट भयंकर उष्णता दिसते. कारागिराने जोड सोडवून मल्टिमीटरने सेन्सर मोजला. 9 किलोओहमच्या आसपास आकडा आला, म्हणजे सेन्सर शाबूत होता. दोष जोडातल्या पिनेवर सापडला. पावसाचे पाणी शिरून तिच्यावर हिरवट थर चढला होता.

हा थर कसब्याला नवा नाही. तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकू नये म्हणून आपल्या आयाबाया भांड्यांना कल्हई लावून घेत. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. विजेच्या जोडातल्या पिनांवरही त्याच कारणाने कथलाचा मुलामा असतो. तो झिजला आणि ओल शिरली की तांबे हिरवे पडते. पिना बदलल्या, जोडाचे रबर नवे बसवले, आकडा 27 वर आला आणि चार्जिंग सुरू झाले. बॅटरीला हातही लावावा लागला नाही.

घरच्यांनी एवढे करावे. सूचना आली की प्लग काढावा. प्लग किंवा सॉकेट गरम लागते का, काळे पडले आहे का, जळका वास येतो का, ते पाहावे. तसे काही असेल तर पुन्हा प्लग लावू नये. नसेल तर गाडी सावलीत रात्रभर ठेवून सकाळी एकदा लावून पाहावी आणि सूचना कधी येते ते लिहून ठेवावे. जाणकार कारागिराचे अर्धे काम त्या नोंदीने होते. बॅटरी घरी उघडू नये. वरच्या मजल्यावरून सोडलेल्या बारीक एक्स्टेन्शन वायरीऐवजी गाडीसाठी स्वतंत्र, अर्थिंग असलेला पॉइंट घ्यावा. आणि कोणी सेन्सर काढून देतो म्हणाला, तर त्याच्या हाती किल्ली देऊ नये.