उभ्या गाडीतला रेडिओ

२००७ सालची गोष्ट. मामंजींच्या उपचारांसाठी दर आठवड्याला संकेश्वरहून बेळगावला जावं लागे. गाडीत ते अवाक्षर बोलत नसत. आमचे हेही तसेच. बाप-लेक दोघे समोर बघत बसायचे.

मामंजींची एकच आवड, वर्ल्डस्पेस रेडिओवरची ‘गंधर्व’ वाहिनी. दिवसभर शास्त्रीय संगीत. ह्यांच्या मनात आलं, हा रेडिओ गाडीतच बसवू. अमेरिकेतला भाचा म्हणाला होता, “मामी, इथं टपावर छोटासा अँटेना असतो, गावंच्या गावं मागं जातात पण गाणं तुटत नाही.”

टेप बसवणाऱ्या मुलाला बोलावलं. त्यानं रेडिओ डॅशबोर्डखाली पट्टीनं आवळला, वीज लायटरच्या सॉकेटमधून घेतली, वायर दाराच्या रबरातून काढून टपावर नेली. अँटेना म्हणजे चपटी चौकोनी वडीच. ती डबल टेपनं चिकटवली. दारात गाडी उभी असताना गाणं सुरेख लागलं. मी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

पण गाडी चिंचेखालून गेली आणि गाणं गप्प! हायवेला मोठा ट्रक शेजारी आला, पुन्हा गप्प. मग कळलं, तो ‘एशियास्टार’ उपग्रह विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंच. आपल्याकडून आग्नेयेला, निम्म्या आभाळात. अँटेनाला तो सरळ दिसायला हवा. मध्ये झाड नको, भिंत नको. अमेरिकेत शहरांतून जमिनीवरचे मनोरेही तेच गाणं पुढं पाठवतात, आपल्याकडे ती सोय नव्हती. पैसे पाण्यात गेले म्हणून हे चिडले.

हत्तरगीच्या पुढं मामंजी म्हणाले, “अरे, उभी कर की गाडी. उभ्या गाडीत लागतंय न्हवं?”

उघड्या माळाला गाडी उभी केली. गाणं लागलं. पंधरा मिनिटं कुणी बोललं नाही. मग मामंजीच म्हणाले, “मला पेटी शिकायची होती. वडिलांनी मिरचीच्या अडतीत बसवलं.”

ह्यांना हे पन्नाशीला आल्यावर कळलं!

तेव्हापासून दर खेपेला तिथं थांबायचा नेम झाला. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवण, म्हणून परतताना मला घाई. एकदा मी म्हटलं, “मामा, उशीर होतोय, तुमचं जेवण राहील.” ते म्हणाले, “राहू दे आज. राग पुरा होऊ दे.” त्या दिवशी बाप-लेक दोघंही जेवले नाहीत. मला मात्र खूप दिवसांनी गाढ झोप लागली.

पुढच्या पावसाळ्यात मामंजी गेले. ३१ डिसेंबर २००९ ला वर्ल्डस्पेसही आपल्याकडे बंद झाला.

गाडी विकली तेव्हा टपावरचा टेपचा चौकोनी डाग काही केल्या निघेना. घेणाऱ्यानं विचारलं, “हे काय हो?”

“रेडिओ होता,” हे म्हणाले, आणि हातातल्या फडक्यानं तो डाग उगाच पुसत राहिले.