सूर्यमाळच्या वाटेवरची गावे

डोंगरातली गावे पाहण्यासाठी माणसे किती दूर जातात! फ्रान्स आणि स्पेनच्या सरहद्दीवर बास्क लोकांचा मुलूख आहे. भाड्याची मोटार घेऊन तिथल्या गावांतून हिंडायला जगभरातून प्रवासी येतात. पांढऱ्या भिंती, तांबड्या रंगाचे लाकडी दरवाजे-खिडक्या, आणि एस्पेलेत नावाच्या गावात तर घरांच्या दर्शनी भिंतींवर वाळत घातलेल्या लाल मिरच्यांच्या माळा. या लोकांची भाषा युरोपातल्या दुसऱ्या कोणत्याच भाषेशी नाते सांगत नाही. हिवाळ्यात तिथल्या काही गावांत मेंढीचे कातडे पांघरून आणि कमरेला मोठ्या घंटा बांधून मिरवणूक निघते. आमचे एक नातलग तिकडे जाऊन आले आणि त्यांनी घरी बसून सगळ्यांना फोटो दाखवले. फोटो पाहताना अम्मी सहज म्हणाल्या, "डोंगर, रंगवलेल्या भिंती, सोंगांची मिरवणूक... हे तर आपल्या जव्हार-मोखाड्यातही आहे. तिथे आपल्यापैकी कोण गेलंय?"

आम्ही भिवंडीचे. जव्हार आमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या आत येते, तरी घरातले कोणीही तिथे गेले नव्हते. शाबानचा महिना चालू होता, फेब्रुवारीची हवा चांगली होती. रमजानपूर्वी दोन दिवस काढायचे ठरले आणि फजरची नमाज पढून आम्ही निघालो.

वाड्याहून वर

भिवंडीहून अंबाडी, कुडूस, वाडा असा रस्ता. वाड्याचा कोलम तांदूळ आमच्या स्वयंपाकघरात नेहमीचा. २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. बास्क मुलखातल्या एस्पेलेतच्या मिरचीलाही गावाच्या नावाने असेच संरक्षण आहे. वस्तूबरोबर गावाचे नाव बाजारात गेले की शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे जास्त पडतात. पालघर जिल्ह्याच्या वारली चित्रकलेलाही २०१४ मध्ये असे मानांकन मिळाले. हा जिल्हाही त्याच वर्षीचा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून तो वेगळा झाला.

विक्रमगड सोडले की रस्ता वळणे घेत चढू लागतो. पळसाला केशरी फुले आली होती. उतारावर मधेमधे काळे चौकोन दिसत होते. मुलांना वाटले, वणवा लागला असेल. ते राब होते. भाताचे, नागलीचे रोप जिथे करायचे, त्या तुकड्यावर पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या आणि शेण पसरून ते भाजतात. तणाचे बी जळते, राखेचे खत होते, आणि पहिल्या पावसात तिथे रोपे टाकतात. खाचरात भात, उतारावर नागली, वरई आणि खुरासणी. इथे नाचणीला नागली म्हणतात. अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त पाऊस पडतो, पण पीक मात्र एकच, पावसाळ्याचे. ही गोष्ट लक्षात ठेवावी; पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे.

शाह नावाचे राजे

जव्हार ही मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी. हे राजे महादेव कोळी समाजाचे, आणि त्यांची नावे निमशाह, विक्रमशाह, पतंगशाह अशी. ही 'शाह' कुठून आली, असा प्रश्न आमच्यासारख्यांना पडणारच. दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक याने १३४३ मध्ये निमशाहाला ही पदवी दिली आणि बावीस किल्ल्यांच्या मुलखावरचा त्याचा हक्क मान्य केला. ५ जून १३४३ हा दिवस एवढा मोठा मानला गेला की तिथपासून संस्थानाची स्वतःची कालगणना सुरू झाली. आजही गावातल्या सरकारी कुटीर रुग्णालयाला पतंगशाहांचेच नाव आहे.

संस्थानाच्या मूळ पुरुषाची, जयाबा मुकण्यांची, एक गोष्ट सांगतात. इथल्या सरदाराकडे त्यांनी बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. ती मंजूर झाल्यावर कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि त्यात सारा गड वेढून घेतला. नेमकी हीच गोष्ट ट्युनिशियातल्या जुन्या कार्थेज शहराची स्थापना करणाऱ्या राणीबद्दलही सांगतात. कुठले ट्युनिस आणि कुठले जव्हार!

जयविलास राजवाडा, सनसेट पॉइंट, हनुमान पॉइंट ही ठिकाणे दुपारपर्यंत पाहून झाली. सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम जिथे झाला असे मानतात, तो शिरपामाळही गावाजवळच आहे. जव्हारमध्ये शाह सदरोद्दीन बदरोद्दीन हुसैन चिश्ती यांचा दर्गा आहे. उरुसाला सर्व समाजांचे लोक येतात. मशिदीत जोहरच्या नमाजनंतर स्थानिक बुजुर्गांशी बोलणे झाले. "आमचं दुकान चालतं ते पाड्यांवर," एक चाचा म्हणाले. "पाड्यावर माणूस असेल तर बाजार भरतो. दिवाळी झाली की पाडे रिकामे आणि आम्हीही रिकामे." पाडे रिकामे म्हणजे काय, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

मोखाड्याचे पाडे

रात्री जव्हारला मुक्काम करून सकाळी मोखाड्याची वाट धरली. खरा पाहण्यासारखा रस्ता इथून सुरू होतो. एकामागून एक डोंगर, मधे खोल दऱ्या, आणि दूर टेकडीवर दहा-वीस घरांचा पाडा. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी यांची ही वस्ती. घरे कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्यांच्या तट्ट्या आणि त्यांवर शेणमातीचा लेप. आत शिरले की बाहेरच्या उन्हाची आठवणही राहत नाही. एका घरात लग्न होऊन गेले होते. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने केलेला लग्नचौक अजून ताजा दिसत होता. चौक 'काढतात' म्हणायचे नाही, चौक 'लिहितात', असे घरच्या म्हातारीने भाभींना सांगितले. तो लिहिण्याचा मान सवाष्णींचा. आज ही चित्रे साड्यांवर, पिशव्यांवर, विमानतळाच्या भिंतींवरही दिसतात. ती मुळात अशा लग्नघरातली आहेत.

फाल्गुनापासून पुढे या गावांत बोहाडा होतो. रात्रभर मशालींच्या उजेडात मुखवटे घालून एकेक सोंग येते. कोणते सोंग कोणत्या घराण्याने घ्यायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. कामासाठी दूर गेलेला माणूसही आपल्या सोंगासाठी गावी येतो, असे तिथे ऐकले.

पण आम्ही गेलो त्या पाड्यावर बरीच दारे बंद होती. काही दारांना कुलूप, काहींना नुसती दोरी. अंगणात म्हातारी माणसे आणि लहान मुले. पाड्याच्या खालच्या अंगाला विहीर होती, तिच्याभोवती पाच-सहा बायका बसलेल्या. तळाला थोडे पाणी होते. ते झिरपून साचले की एकेकीचा नंबर लागत होता. एका मावशीने आमच्या मुलांना पाहिले आणि नुकताच भरलेला तांब्या पुढे केला.

"घ्या, पानी प्या. कुठून आले?"

"भिवंडीहून, मावशी."

"माझा पोऱ्या तिकडंच आहे. भट्टीवर. सून, नातवंडं, समदी तिकडंच." मग थोडे थांबून म्हणाली, "पावसाला येतील."

आम्ही गप्प झालो. भिवंडीच्या आसपास, वाड्याला, वसईकडे वीटभट्ट्या आहेत. त्यांवर राबणारी कुटुंबे आम्ही रस्त्याने येता-जाता लहानपणापासून पाहत आलो. ती माणसे कुठल्या घरातून आली हे त्या विहिरीवर कळले. पीक पावसाळ्यापुरतेच, घरातले धान्य थोड्या महिन्यांत सरते, म्हणून सणासुदीला मालकाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर बायका-मुलांसह भट्टीवर जायचे. पावसाळ्यात हिशेब होतो. उचल फिटली नाही तर उरलेली पुढच्या वर्षीच्या डोक्यावर. मुलांची शाळा मधेच सुटते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके गेली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष इकडे वळले. त्यानंतर योजना आल्या, दवाखाने झाले, पण दिवाळीनंतरची ती वाट अजून चालूच आहे.

सूर्यमाळ आणि वैतरणा

मोखाड्याहून खोडाळा. जवळच देवबांधचे सुंदरनारायण गणेशाचे मंदिर आहे, तिथे दर्शनाला आलेल्यांची वर्दळ होती. तिथून पुढे सूर्यमाळ. जव्हारपेक्षाही उंच असलेला हा माळ. झाडे विरळ, वारा मोकळा, आणि चहूबाजूंना एकाआड एक निळे होत जाणारे डोंगर. इथे दुकानांची रांग नाही, घोडेवाले नाहीत, भेळेच्या गाड्या नाहीत. सुब्हानअल्लाह म्हणावे आणि बसून राहावे, एवढेच तिथे करायचे. मुले धावली, अम्मी चटईवर टेकल्या, डब्यातल्या भाकऱ्या आणि सुके मटण संपले.

अस्रची वेळ झाली. घरून आणलेले पाणी होते. घरी वुजू करताना नळ चालू राहतो याकडे कोणाचे लक्ष नसते. वाहत्या नदीकाठीही पाणी उधळू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणीच मिळते. त्या दिवशी ती कोणी आठवून द्यावी लागली नाही. एका बाटलीत तिघांचे वुजू झाले.

या डोंगरांमधून वैतरणा वाहते. मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरण बांधले, उंची सुमारे १०२ मीटर. २०१४ पासून ते मुंबईला पाणी देते, दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर. म्हणजे साडेपंचेचाळीस कोटी लिटर! हे पाणी आधी खालच्या मोडकसागर धरणात आणि तिथून शहरात जाते. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांपैकी हा एक. मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या आमच्या भिवंडी तालुक्यातूनच जातात. मोखाड्याच्या पाड्यांवर मात्र उन्हाळा आला की टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस भरपूर, पण खाली काळा कातळ आणि तीव्र उतार, त्यामुळे पाणी जमिनीत मुरत नाही. दरीत उतरते आणि धरणात जाते. धरण खाली, पाडा वर. वर पाणी चढवायला पंप, वीज आणि नळ लागतात, म्हणजे पैसा आणि इच्छा दोन्ही लागतात. शंभर किलोमीटर दूरच्या शहरासाठी ते जमते, तर डोंगरावरच्या वीस घरांसाठीही जमायला हवे.

आणि ते जमते, याचेही पुरावे याच मुलखात आहेत. काही पाड्यांवर सौरपंपांनी पाणी वर आले आहे; जव्हारच्या प्रगती प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी हे काम चिकाटीने केले. जव्हार, विक्रमगड, मोखाडा भागात शेतकऱ्यांनी मोगरा लावला आहे. पहाटे कळ्या खुडतात आणि त्या दादरच्या फूलबाजारात जातात. मोगरा उन्हाळ्यात फुलतो, म्हणजे नेमका भट्टीच्या दिवसांत. ज्याच्या बांधावर थोडे पाणी आणि मोगऱ्याची शे-दोनशे झाडे आहेत, त्याला उचल घेण्याची पाळी सहसा येत नाही. भाभी ज्या मोगऱ्याचे गजरे घेतात, तोही कदाचित इथलाच असेल.

परतताना आम्ही विहीगावमार्गे कसाऱ्याला उतरलो. वाटेत वैतरणेवरचा उंच पूल लागतो. खाली पाणी शांत पसरले होते. मुलांनी खिडकीतून पाहिले आणि धाकटीने विचारले, "एवढं पाणी आहे, मग त्या मावशी विहिरीवर का बसल्या होत्या?" तिला समजेल असे उत्तर आमच्यापैकी कोणालाच देता आले नाही.

जाणाऱ्यांसाठी

ज्यांना जायचे आहे त्यांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने निवडावेत. पावसाळ्यात दाभोसा आणि विहीगावचे धबधबे डोळे दिपवतात, पण खडक निसरडे असतात. मुलांना घेऊन पाण्यात उतरू नये. पेट्रोल जव्हारला भरून घ्यावे. पिण्याचे आणि वुजूचे पाणी आपले आपण न्यावे, पाड्याच्या विहिरीवर आपला भार टाकू नये. पाड्यावर गेल्यास आधी विचारावे, मग फोटो काढावा. मुलांच्या हातात चॉकलेटे आणि नाणी ठेवून त्यांना मागायची सवय लावू नये. त्यापेक्षा आठवड्याच्या बाजारात नागली, वरई, खुरासणीचे तेल, बांबूच्या टोपल्या विकत घ्याव्यात आणि घासाघीस करू नये.

आणखी एक विनंती. हे मासिक वाचणाऱ्या अनेक घरांचा संबंध वीटभट्टीशी, बांधकामाशी, मालवाहतुकीशी आहे. आपल्याकडे डोंगरातून आलेले कुटुंब असेल तर त्याच्या उचलीचा हिशेब त्याला कळेल असा लिहून द्यावा, मजुरी वेळेवर द्यावी, आणि त्याच्या मुलांना जवळच्या शाळेत बसवण्याची व्यवस्था करावी. एवढे केले तरी मोखाड्यातल्या एखाद्या विहिरीवर बसलेल्या आजीची काळजी थोडी हलकी होईल. त्यांचे पाणी आपल्या नळांतून येते, त्यांची मुले आपल्या घरांच्या विटा पाडतात. इतक्या जवळच्या माणसांचे गाव एकदा तरी डोळ्यांनी पाहून यावे.