‘की’ आणि ‘किंवा’

‘की’ आणि ‘किंवा’ ही दोन्ही विकल्पबोधक उभयान्वयी अव्यये. ‘चहा घेणार की कॉफी?’ असे विचारणाऱ्याला एकाचीच निवड अपेक्षित असते. ‘चहा किंवा कॉफी, काहीही चालेल’ म्हणणाऱ्याला दोन्ही सारखेच. हा भेद आम्ही दोघे नवराबायको वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आलो. पण त्याची धग जाणवली ती लेक अकरावी विज्ञानाला गेल्यावर. खोपटमध्ये सोसायटीच्या जिन्यात, वाण्याच्या दुकानात, जो भेटेल तो एकच विचारी, “सीईटी की जेईई?”

अमेरिकेत 1926 पासून सॅट आणि 1959 पासून एसीटी अशा दोन परीक्षा आहेत. जी विद्यापीठे परीक्षा मागतात ती सहसा दोहोंपैकी कोणतीही स्वीकारतात. तिथे खऱ्या अर्थाने ‘किंवा’ आहे. आपल्याकडे परीक्षांगणिक दारेच निराळी. जेईई मेन एनआयटीकडे नेते आणि वरच्या सुमारे अडीच लाख मुलांना आयआयटीच्या पुढच्या परीक्षेला बसू देते. राज्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या बहुतांश जागांसाठी एमएचटी-सीईटी. म्हणून पालक तोंडाने ‘की’ म्हणतात आणि अर्ज मात्र दोन्हीचे भरतात.

परीक्षांचे स्वभावही भिन्न. दोन्हींना वेळ तीन तासांचा. पण सीईटीत दीडशे प्रश्न, जेईईत पंचाहत्तर. म्हणजे एकीकडे प्रश्नामागे बहात्तर सेकंद, दुसरीकडे त्याच्या दुप्पट. जेईईत बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्याला एक गुण वजा. सीईटीत वजाबाकीच नाही. एक परीक्षा संयम मागते, दुसरी चपळाई आणि थोडे धाडस. आमची लेक संथ, प्रत्येक पायरी तपासून पुढे जाणारी. लहानपणी सापशिडीतही फासा टाकण्याआधी ती विचार करी! तिच्या प्रकृतीला जेईईच मानवेल असे आमचे मत होते आणि ते आजही आहे. पण तिला मुंबई सोडायची नव्हती. स्वभावाशी जुळणारी परीक्षा निवडावी की इच्छित ठिकाणी पोचवणारी, या प्रश्नावर आमच्या घरात जेवताना पुष्कळ वाद झाले.

या परीक्षांवर फार विसंबण्यात अर्थ नाही, असेही वाटे. 2014 आणि 2015 साली राज्याने अभियांत्रिकीसाठी स्वतःची परीक्षा बाजूला ठेवून जेईई मेन आणि बारावीचे गुण निम्मेनिम्मे धरले होते. 2016 साली सीईटी परतली. त्याच वर्षी वैद्यकीयच्या मुलांचे हाल त्याहून वाईट झाले. 28 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने ‘नीट’ सक्तीची केली, 5 मे रोजी मुले सीईटीला बसली, आणि त्या वर्षापुरती राज्यांना सूट देणारा अध्यादेश आला तो 24 मे रोजी. तोवर कोणत्या पुस्तकातून अभ्यास करायचा हेच त्या मुलांना ठाऊक नव्हते.

सीईटी परतली ती बारावीच्या गुणांचे वजन घालवून. आता बारावीत पात्रतेपुरते गुण मिळाले की पुरे, आणि याचा परिणाम आम्ही रोज पाहतो. अनेक कनिष्ठ महाविद्यालयांनी क्लासवाल्यांशी संधान बांधले आहे. मुले दिवसभर क्लासमध्ये आणि हजेरी महाविद्यालयाच्या कागदावर. त्यातून द्वितीय भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेण्याची मुभा आहे. 2020 च्या कायद्याने मराठी सक्तीची झाली, पण दहावीपर्यंतच. आमच्यातल्या एकाच्या अकरावी विज्ञानाच्या मराठीच्या तासाला गेल्या वर्षी अकरा मुले होती, त्यांतली दोन नियमित. वर्ग टिकला तर कार्यभार टिकतो, कार्यभार टिकला तर पद. तेव्हा या लिखाणात आमचा स्वार्थ नाही असे कोणी समजू नये.

लेकीने मराठी घेतली. आमच्याकडे पाहून नव्हे, असे तिने आवर्जून सांगितले. प्रोग्रॅमिंग पुढे चार वर्षे करायचेच आहे, म्हणाली. क्लासच्या समुपदेशकांनी आम्हांला ‘मूल वाया घालवता आहात’ अशा अर्थाचे बरेच ऐकवले. आमच्या आग्रहाखातर 2025 च्या जानेवारीत ती जेईईला बसली. एप्रिलच्या फेरीचा अर्ज तिने भरला नाही आणि आम्हीही तो विषय सोडला. सीईटीत एक गंमत आहे: भौतिक आणि रसायनशास्त्राचे प्रश्न मराठीतून मागता येतात, गणिताचे मात्र इंग्रजीतच. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या आमच्या मुलीने सगळेच इंग्रजीतून मागितले. कारण विचारले तर म्हणाली, “‘कोनीय संवेग’ वाचून मनात भाषांतर करायला बहात्तर सेकंद पुरतात का, बाबा?” आम्ही गप्प बसलो.

सीईटीचा पेपर देऊन ती घरी आली तेव्हा चेहरा प्रसन्न होता. गणिताचे नऊ प्रश्न वेळेअभावी राहिले होते. “मग?” आम्ही विचारले. “शेवटच्या मिनिटात सगळ्यांना ‘बी’ टिचकवलं.” त्यातला एकही तिने वाचला नव्हता. फासा हातात धरून विचार करणारी ती मुलगी हे इतक्या सहजपणे सांगत होती की दोघांपैकी कोणालाच काय बोलावे ते सुचेना. तिने मात्र ताट वाढून घेतले आणि भाजी कोणती आहे ते विचारले.